उठून जाता येईल असा डाव

मोबाइलवरच्या टाइमपास खेळांबद्दलची सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे त्यांतून हाती काही लागत नाही. एका रंगाच्या तीन गोळ्या जुळवल्या, आकड्यावर आकडा सरकवून दुप्पट केला, पक्षी दोन नळ्यांच्या फटीतून पार नेला, पुढे काय? ज्ञान वाढलं नाही, पैसा आला नाही, अंगाला व्यायामही झाला नाही. वस्तुस्थिती म्हणून हे खरंच आहे. पण आरोप म्हणून ते टिकत नाही, कारण हाती काही न लागणं हे खेळाचं लक्षणच आहे. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 1978 मध्ये ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. तिचा गाभा असा, की ज्यांची काही गरज नव्हती असे अडथळे आपल्या खुशीने पत्करायचे आणि मग ते ओलांडायला झटायचं. गोल्फचा चेंडू हाताने उचलून खळग्यात टाकणं केव्हाही सोपं. तसं न करता तो काठीने टोलवत न्यायचा, म्हणून तो खेळ. या व्याख्येने पाहिलं तर बुद्धिबळ आणि ‘कँडी क्रश’ एकाच जातीचे ठरतात. दोन्हींतली अडचण आपणच ओढवून घेतलेली असते आणि दोन्ही जिंकून जगाच्या व्यवहारात तसूभर फरक पडत नाही. तेव्हा टाइमपास खेळांचा न्याय करायचा तर निरर्थकतेखेरीज दुसरी कसोटी हवी. माझी कसोटी अशी आहे: खेळ आपल्याला उठून जाऊ देतो का, आणि उठल्यावर आपल्या मागे काही देणं लावतो का?

ही कसोटी मला आपल्याच तत्त्वपरंपरेतल्या एका जुन्या वादातून सुचते. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात एक आक्षेप येतो. शहाणा माणूस हेतूवाचून काही करत नाही. ब्रह्माला तर मिळवायचं काहीच उरलेलं नाही. मग त्याने हे जग निर्माण केलं कशाला? त्यावर सूत्रकारांचं उत्तर आहे की ही केवळ लीला आहे, जशी ती लोकांतही पाहायला मिळते. शंकराचार्य भाष्यात दोन दृष्टान्त देतात. सगळ्या इच्छा पुऱ्या झालेला राजा कसल्याही प्रयोजनावाचून क्रीडेत रमतो, आणि आपला श्वासोच्छ्वास कोणत्याही बाह्य हेतूवाचून चालू असतो. सृष्टीच्या उत्पत्तीचं हे स्पष्टीकरण कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण खेळाविषयी त्यात एक नेमकी अट सांगितली आहे. लीला ही भरलेपणातून येते. ज्याला काही कमी आहे म्हणून जो धावतो त्याच्या धावण्याला लीला म्हणत नाहीत. राजा क्रीडेत रमतो, कारण न रमण्यानेही त्याचं काही अडत नाही. म्हणजे खेळाचं मोल त्याच्या फळावर अवलंबून नाही, ते खेळणाऱ्याच्या मोकळेपणावर अवलंबून आहे, आणि हा मोकळेपणा ओळखायची खूण एकच: डाव कोणत्याही क्षणी सोडला तरी खेळणारा जसा होता तसाच उरतो.

इथे कोणी म्हणेल, आपण काही पूर्णकाम राजे नव्हे. आपण खेळायला बसतो तेच मुळी कंटाळ्यातून आणि रिकामपणातून. हा आक्षेप फ्रेंच विचारवंत पास्काल याने सतराव्या शतकात फार धारदारपणे मांडून ठेवला आहे. त्याच्या मृत्यूनंतर 1670 मध्ये छापलेल्या ‘पाँसे’त तो रोज थोडा जुगार खेळणाऱ्या माणसाचं उदाहरण देतो. त्या माणसाला दिवसभरात जेवढं जिंकता आलं असतं तेवढे पैसे सकाळीच द्या आणि खेळू नकोस म्हणा, तर तो दुःखी होईल. उलट पैशाशिवाय नुसतं खेळू द्या, तरी तो कंटाळेल. त्याला पैसा नको आहे आणि नुसता खेळही नको आहे. त्याला स्वतःचा विसर पडायला हवा आहे आणि त्यासाठी काहीतरी जिंकायचं आहे असा भ्रम लागतो. पास्कालचं हे निरीक्षण मला मान्य आहे. आपण खेळाकडे उणीव घेऊनच जातो. पण त्यावरून सगळे खेळ सारखे ठरत नाहीत, कारण खरा प्रश्न त्यापुढचा आहे: आपण आणलेल्या त्या उणिवेचं खेळ काय करतो? एक खेळ ती घटकाभर बाजूला ठेवायला लावतो आणि डाव संपल्यावर आपल्याला परत धाडतो. दुसरा खेळ आपण आणलेली उणीव अपुरी समजून स्वतःच्या नव्या उणिवा तयार करतो आणि मग त्या भरून काढण्याचे पैसे मागतो. पास्कालच्या जुगाऱ्याला भ्रम स्वतःच रचावा लागत होता. या दुसऱ्या प्रकारात तो रचून देण्याचा धंदा झाला आहे.

या धंद्याची रीत दोन प्रसिद्ध खेळांत उघड दिसते. ‘फार्मव्हिल’ जून 2009 मध्ये फेसबुकवर आला आणि 2010 च्या सुरुवातीला महिन्याला आठ कोटींहून अधिक लोक त्यात शेती करत होते. त्यात स्ट्रॉबेरी चार तासांत तयार होई. ती वेळेवर काढली नाही तर शेतातच वाळून जाई. म्हणजे खेळ बंद करून तुम्ही जेवायला बसलात तरी पडद्यामागे तुमचं नुकसान मोजलं जात होतं. ‘कँडी क्रश सागा’ 2012 चा. त्यात पाच लाइफ मिळतात, लेव्हल हरलात की एक जाते आणि गेलेली लाइफ अर्ध्या तासाने परत येते. थांबवत नसेल तर ओळखीच्यांकडे मागा किंवा विकत घ्या. चाली संपून लेव्हल अगदी थोडक्यात हुकली की त्याच क्षणी पाच जादा चाली समोर धरल्या जातात. हा खेळ बनवणारी ‘किंग’ ही कंपनी ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डने 5.9 अब्ज डॉलरला घेतल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. गोळ्या जुळवण्याच्या क्लृप्तीला एवढी किंमत कोणी देत नाही. ‘बीज्वेल्ड’ हा खेळ रत्नं जुळवण्याचा तोच प्रकार 2001 पासून खेळवत होता. किंमत होती ती माणूस पुन्हा पुन्हा परत येण्याची. वाळणारं पीक आणि परत येणारी लाइफ यांचं काम एकच आहे: खेळ चालू नसतानाही खेळणाऱ्याला त्याच्याशी बांधून ठेवायचं. आपल्याकडे घेतलेल्या कर्जाला व्याज लागतं तसं इथे न खेळलेल्या वेळेला व्याज लागतं.

हे टीकाकारांचं नुसतं कल्पनाचित्र नाही, कारण त्याचा जवळपास प्रयोगच झालेला आहे. अमेरिकी अभ्यासक आणि खेळरचनाकार इयन बोगोस्ट याने अशा खेळांची टर उडवण्यासाठी 2010 मध्ये ‘काउ क्लिकर’ काढला. खेळ एवढाच, की पडद्यावर एक गाय, तिच्यावर बोट टेकवायचं, आणि पुढच्या वेळेसाठी सहा तास थांबायचं. थांबायचं नसेल तर पैसे मोजायचे. विनोद म्हणून काढलेला हा खेळ हजारो लोक मनापासून खेळू लागले. 2011 मध्ये बोगोस्टने सगळ्या गाई पडद्यावरून नाहीशा केल्या. गायीची मोकळी जागा तेवढी राहिली. तरीही काही लोक त्या मोकळ्या जागेवर बोट टेकवत राहिले. या प्रसंगातून दोन उलट निष्कर्ष निघू शकतात आणि दोन्ही तपासायला हवेत. एक म्हणेल, पाहा, आशय पूर्ण काढून घेतला तरी नुसतं वेळापत्रक माणसाला धरून ठेवतं. दुसरा म्हणेल, लोकांनी त्या रिकाम्या खेळातही आपला आनंद आणि आपली मैत्री शोधली. त्यांना मूर्ख ठरवणारे आपण कोण? दुसऱ्या निष्कर्षातलं तथ्य मी नाकारत नाही. माणूस कुठेही अर्थ रुजवू शकतो, ही त्याची थोरवी आहे. पण तुरुंगातही माणसं गाणी रचतात म्हणून तुरुंग चांगला ठरत नाही. खेळणाऱ्याने जे कमावलं त्याचं श्रेय खेळणाऱ्याचं. रचनेने त्याला कशाने धरून ठेवलं हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

माझ्या कसोटीवरचा सर्वांत अडचणीचा आक्षेप मात्र वेगळा आहे. थांबवणारा खेळ चांगला, असं म्हटलं तर ‘कँडी क्रश’ही थांबवतोच की! पाच लाइफ संपल्या की तो दार लावून घेतो. जॉश वॉर्डलने जोडीदारासाठी बनवलेला आणि ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वांसाठी खुला केलेला ‘वर्डल’ही दिवसाला एकच शब्द देतो. मग एकाचं थांबवणं सज्जनपणाचं आणि दुसऱ्याचं कावेबाज, हे कसं? फरक थांबण्याच्या जागेत आहे. ‘वर्डल’ डाव पुरा झाल्यावर थांबतो; शब्द सापडो वा न सापडो, उत्तर कळतं आणि त्या दिवसापुरतं प्रकरण मिटतं. सुरुवातीच्या ‘वर्डल’मध्ये जाहिरात नव्हती, नोटिफिकेशन नव्हतं आणि दुसरा शब्द पैसे मोजूनही मिळत नव्हता. ‘कँडी क्रश’ फक्त हरणाऱ्याला थांबवतो. जिंकत राहिलात तर पुरे असं तो कधी म्हणत नाही. हरलात, मन अडकून पडलं, एक चाल हवीच होती, नेमकं तेव्हा तो दार लावतो आणि दाराची किल्ली विकायला काढतो. पहिल्याचं थांबणं म्हणजे समाप्ती आहे, दुसऱ्याचं थांबणं म्हणजे अडवणूक. अर्थात ‘वर्डल’लाही या कसोटीतून पूर्ण सुटका नाही. सलग किती दिवस जमलं याचा हिशेब म्हणजे स्ट्रीक त्यातही ठेवली जाते आणि शंभराव्या दिवशी माणूस शब्दासाठी खेळतो की आकडा तुटू नये म्हणून, हे त्याचं त्यालाच विचारावं लागतं. उद्याचा डाव चुकला तर आजवरचं काही बुडेल ही भीती जिथे शिरली, तिथे तेवढ्यापुरतं देणं लागलंच.

पुढचा आक्षेप स्वातंत्र्याच्या बाजूने येतो. कोणी कोणाच्या हाताला धरून खेळायला बसवत नाही. सज्ञान माणसाला खेळ काय करतो हे कळतं. बहुतेक लोक तर एक पैसाही न देता खेळतात आणि कंटाळा आला की ॲप काढून टाकतात. यातली शेवटची गोष्ट खरी आहे आणि ती विसरून ‘पिढी वाया गेली’ असा गळा काढणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण कळतं म्हणून माणूस मोकळा असतो, हे गृहीतक आपल्या ग्रंथांनी फार पूर्वी तपासून पाहिलं आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तातला जुगारी यापुढे खेळणार नाही असं ठरवतो आणि फासे पडल्याचा आवाज आला की निघतोच. महाभारतातलं पहिलं द्यूत सर्वांना आठवतं. मला दुसरं अधिक बोलकं वाटतं. पहिल्या डावात गेलेलं सर्व धृतराष्ट्राने परत केलं होतं, पांडव घरच्या वाटेला लागले होते, आणि मागून निरोप्या आला की पुन्हा खेळायला बोलावलं आहे. शकुनी काय आहे हे युधिष्ठिराला एव्हाना पुरतं कळलं होतं. यातून नाश ओढवेल हेही त्याला दिसत होतं. तरी तो परत फिरला, कारण बोलावणं मोडणं त्याला जमलं नाही. पहिल्या वेळी भूल पडली असं म्हणता येईल, दुसऱ्या वेळी ज्ञान पुरेपूर होतं, तरी ते उपयोगी पडलं नाही. निवड एकदाच करायची असती तर ज्ञान पुरलं असतं. नोटिफिकेशनसमोर ती दर काही तासांनी करावी लागते आणि दर वेळी बोलावणं पाठवणाऱ्याला थकवा येत नाही, नाही म्हणणाऱ्याला येतो. म्हणून खेळणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा मान राखायचा असेल तर निवड त्याच्यावर किती वेळा लादली जाते, हेही मोजलं पाहिजे.

यावर कोणी विचारेल, मग दोष नव्या खेळांचाच का? युधिष्ठिराकडे मोबाइल नव्हता. बुद्धिबळाने, पत्त्यांनी, क्रिकेटने माणसं घरदार विसरल्याची उदाहरणं काय थोडी आहेत? बरोबर आहे, आणि माझ्या कसोटीसाठी सर्वांत कठीण उदाहरण नव्यांतलंच आहे. व्हिएतनाममधल्या डाँग न्यूएन या तरुणाने 2013 मध्ये ‘फ्लॅपी बर्ड’ काढला. त्यात लाइफ विकत नव्हत्या, वाळणारं पीक नव्हतं, डाव काही सेकंदांत संपे आणि मागे काहीच शिल्लक ठेवत नसे. माझ्या हिशेबाने हा निर्दोष खेळ. तरीही लोकांना तो सोडवेना. जाहिरातींतून दिवसाला सुमारे 50 हजार डॉलर मिळत असल्याचं सांगितलं जात असताना फेब्रुवारी 2014 मध्ये न्यूएनने खेळ काढून घेतला. घटकाभर विरंगुळा म्हणून केलेली गोष्ट व्यसन झाली, असं त्याचं म्हणणं होतं. या उदाहरणावरून कसोटी खोटी ठरते का? मला वाटतं, तिची मर्यादा कळते. माणूस कोणत्याही गोष्टीत स्वतःला बुडवू शकतो. त्या बुडण्याची जबाबदारी नेहमीच रचनाकारावर टाकता येत नाही, आणि न्यूएनने जे केलं ते त्याच्या कर्तव्यापलीकडचं होतं. पण आपण होऊन बुडणं आणि कोणीतरी पायाला दोर बांधणं यांत फरक आहे. बुद्धिबळ खेळणारा पटाच्या खोलीत हरवतो. पट स्वतः त्याला रात्री उठवून बोलावत नाही. रचनेची परीक्षा घ्यायची ती तिने काय बांधलं आहे यावरून. खेळणाऱ्याची परीक्षा वेगळी, आणि ती त्याने स्वतःच घ्यायची.

विरक्तांचा आक्षेप याहून मुळाशी जातो. त्यांच्या मते असा भेद करणंच व्यर्थ आहे; खेळ म्हणजे प्रमाद, तो सगळाच टाकावा. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात बुद्धाने टाळलेल्या खेळांची लांबलचक यादी आहे. आठ-आठ आणि दहा-दहा घरांच्या पटांपासून फाशांपर्यंत. पण ती यादी भिक्षूच्या शीलाच्या संदर्भात येते, आणि तिथे खेळांवर ठपका आहे तो असा की ते माणसाला बेसावध करतात. क्षुद्र आहेत म्हणून त्यांना दूर ठेवलेलं नाही. संसारात राहणाऱ्यांसाठी आपल्या संतांनी वेगळी वाट घेतली. तुकोबांच्या गाथेत हुतुतू, फुगडी, विटीदांडू हे सारे खेळ अभंगांत आले आहेत, आणि पंढरीच्या वाटेवर वारकरी आजही फुगड्या घालतात. परंपरेने ज्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना दिलं त्या मोक्षपटाची रचना तर आपल्या प्रश्नाला थेट भिडते. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, दान आपल्या हाती नाही. पण पटाला शेवटचं घर आहे आणि तिथे पोहोचलं की खेळ संपतो. ते संपणं हाच त्यातला सर्वांत मोठा लाभ. ‘कँडी क्रश’मध्ये हजारो लेव्हल आहेत आणि वर सतत नव्या टाकल्या जातात. कितीही चढलात तरी वरचं घर आणखी वर सरकतं. मोक्षपटातून मोक्ष वजा केला तर जे उरेल ते हेच: चढणं, घसरणं आणि पुन्हा चढणं, ज्यातून सुटण्याची सोयच ठेवलेली नाही. संसाराच्या ज्या रूपाचं आपल्या धर्मविचाराने एवढं भय घेतलं, ते इथे करमणूक म्हणून रचलेलं आहे.

आता व्यवहाराचा मुद्दा. रचनाकाराला पोट आहे. चकटफू खेळ द्यायचा तर कमाई कुठून तरी यायलाच हवी. माझं भांडण कमाईशी नाही. खेळ एकदा विकत द्यावा, जाहिरात दाखवावी. ‘वर्डल’देखील जानेवारी 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला विकला गेला आणि त्यात गैर काही नव्हतं. नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीचा 2016 मधला ‘लुडो किंग’ 2020 च्या टाळेबंदीत घरोघर पोहोचला. जाहिराती त्यातही येतात, पण चारही सोंगट्या घरात गेल्या की डाव संपतो, आणि दुरावलेली माणसं त्या डावापुरती एकत्र येऊन गेलेली असतात. मला खटकतो तो एकच सौदा: आधी मुद्दाम टोचणी लावायची आणि मग ती काढण्याचे पैसे घ्यायचे. आपल्या संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन खेळांचा जो कायदा केला, त्याने पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे खेळ त्यांपासून वेगळे ठेवले. कायद्याला रेघ पैशाच्या पणावर ओढावी लागते, कारण पण मोजता येतो. खेळणाऱ्याचं ध्यान पणाला लागतं तेव्हा कायदा हतबल असतो, आणि तो तसाच असलेला बरा. कोणी किती वेळ गोळ्या जुळवाव्यात हे सरकारने ठरवू लागण्यात आणखी मोठी गुलामी आहे.

म्हणून हा निवाडा शेवटी खेळणाऱ्याकडेच येतो, आणि तो करायला अध्यात्माची मोठी तयारी लागत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाने, दवाखान्यात नंबरची वाट पाहणाऱ्याने किंवा एकट्या म्हाताऱ्या माणसाने अर्धा तास गोळ्या जुळवण्यात घालवला तर त्याच्याकडे त्या वेळेचा जाब मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. विसावा हे पुरेसं कारण आहे, आणि कारण नसलं तरी चालेल. त्याने स्वतःला एवढंच विचारावं, की हा डाव इथेच सोडला तर माझं काय बुडेल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर खेळ कितीही उथळ असो, त्यात लीलेचा अंश आहे. उत्तरात पीक, लाइफ, स्ट्रीक, राखलेला क्रमांक असं काही येऊ लागलं, तर तो खेळायला बसला असला तरी कामावर लागलेला आहे, आणि तेही बिनपगारी. खेळ निरर्थक म्हणून त्याला हिणवणारे लोक खेळाचं फारसं बिघडवू शकत नाहीत. त्याचं खरं नुकसान करतात ते त्याला निरर्थक राहू न देणारे, कारण माणसाला हिशेबाबाहेर काढणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी उरल्या आहेत त्यांतल्या एकीत ते हिशेब घुसवतात.